प्रश्नपत्रिकेबाहेरची किंगरी

गांधर्व महाविद्यालयाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यातले बहुतेक गौरवपर आहे. त्याला सणसणीत प्रत्युत्तर इंग्रजीतून आले. जानकी बाखले यांचे ‘टू मेन अँड म्युझिक’ (२००५) हे त्यातले सर्वांत गाजलेले पुस्तक. दोन्ही बाजूंचे लेखन वाचताना एक गोष्ट मला खटकत राहते. दोन्हीकडे संगीत घडते ते लाहोर, मुंबई, पुणे, बडोदे, लखनौ इथेच. पण या संस्थेचे हातपाय पसरले ते परीक्षांच्या वाटेने, लहान गावांपर्यंत. किनवटसारख्या गावातून पाहिले तर गौरव करणाऱ्यांचा मुद्दाही निराळा दिसतो आणि टीकाकारांचाही.

आधी गौरवाची बाजू. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे मिरजेत शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला शाळा काढली. दरबाराच्या आश्रयावर नव्हे, वर्गणी, जलसे आणि फी यांच्या बळावर. या शाळेतली सर्वांत क्रांतिकारक वस्तू कोणती असे मला विचाराल तर मी वेळापत्रक म्हणेन. अमुक वाजता वर्ग, अमुक वर्षाला अमुक राग, छापील पुस्तक, ठरलेली स्वरलिपी. त्यासाठी पंडितजींनी स्वतःचा छापखाना चालवला, वाद्यदुरुस्तीचीही सोय केली. शिवाय ‘उपदेशक वर्ग’ काढून गाणारे नव्हे, शिकवणारे तयार केले. घराण्यात शिकायचे तर गुरूच्या दारी वर्षानुवर्षे पडून राहावे लागे. ते कुणाला परवडणार? बायकांना तर ती वाट जवळजवळ बंदच होती. वेळापत्रकाने ती उघडली. १९०८ मध्ये मुंबईत शाखा निघाली. पुढे सँडहर्स्ट रोडवरची भव्य इमारत कर्जापायी लिलावात गेली, आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत पंडितजी गेले. त्याच वर्षी शिष्यांनी अहमदाबादेत मंडळ स्थापन केले. इमारत गेली तरी परीक्षा राहिली. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही शिडी आज देशभर एकच आहे.

आमचा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानातून आलेल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. सागवानाचे जंगल, पैनगंगा, मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारी रेल्वे. कुणी उस्ताद इथे येऊन बिऱ्हाड करण्याची शक्यता नव्हती. अशा गावात संगीताचा वर्ग म्हणजे कुणाच्या तरी घरातली पुढची खोली, एक हार्मोनियम, तबल्याची जोडी आणि भिंतीवर सरस्वतीची तसबीर. त्या खोलीत बसून एखाद्या कारकुनाची किंवा शेतकऱ्याची मुलगी भूप आणि यमन शिकते आणि पुण्यातल्या मुलीसारखीच क्रियात्मक आणि शास्त्र या दोन्ही परीक्षा देते. दहावीच्या वाढीव गुणांसाठी आता गर्दी होते हे खरे, आणि त्यावर नाके मुरडणारेही पुष्कळ आहेत. मी मुरडत नाही. गुणांसाठी आलेल्या दहांतल्या एकाला जरी पुढे रेडिओवरचा ख्याल कळू लागला तरी पंडितजींचा हिशेब जुळतो. तानसेनांपेक्षा कानसेन घडवण्याची त्यांची भाषा प्रसिद्धच आहे.

आता टीकेची बाजू. बाखले यांचे म्हणणे थोडक्यात असे: पलुस्करांनी संगीताला भक्तीचे आणि हिंदू राष्ट्रीयतेचे वळण दिले आणि त्यात मुसलमान उस्ताद कडेला गेले. याला आधार आहे. शाळेतले प्रार्थनेचे वातावरण, रामनामाचा ध्यास, १९२३ च्या काकिनाडा काँग्रेसमध्ये अध्यक्ष मौलाना महंमद अली यांचा आक्षेप असतानाही पूर्ण म्हटलेले वंदे मातरम्, हे सगळे एकाच सूत्रात बसते. पण चित्र इतके सरळही नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांनी १९१३ मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. म्हणजे शाळेचा साचा एका उस्तादालाही हवासा वाटला होता. आणि पलुस्करांचेच शिष्य बी. आर. देवधर यांनी ‘थोर संगीतकार’मध्ये मुसलमान गवयांची जी शब्दचित्रे रेखाटली, त्यांतले प्रेम खोटे म्हणता येणार नाही. बाखले यांचा आरोप मला खोटा वाटत नाही, अपुरा वाटतो. उस्ताद आणि पंडित यांच्या वादात तिसऱ्या माणसाचे नावच येत नाही.

आमच्याकडे तो तिसरा माणूस आहे परधान. परधान हे गोंडांचे वंशपरंपरेचे गायक. त्यांची किंगरी तीन तारांची, गजाने वाजवायची. कुळाचा देव पुजला जातो तेव्हा त्या कुळाची उत्पत्ती, देवांची भांडणे, वाटचाल हे सगळे परधान किंगरीवर गातो. हे गाणे लांबलचक असते आणि ते पाठ असणे हा त्याचा अधिकार असतो. बाप मुलाला शिकवतो, मुलगा आधी ऐकतो, मग मागून सूर धरतो. याला गुरुशिष्यपरंपरा म्हणायला आपण का कचरतो? आणि दिवाळी आली की पाड्यांवर दंडारी निघते, मोरपिसांचे मुकुट घातलेले घुसाडी गावोगाव नाचत फिरतात. त्या नाचासाठी आदिलाबादकडच्या मार्लवाईचे कनक राजू यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. मार्लवाईचे नाव अभ्यासकांना त्याआधीपासून ठाऊक आहे ते ख्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांच्यामुळे. १९४० च्या दशकात त्यांनी परधानांकडून कथा ऐकल्या. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाचा भर मिथकांवर आणि विधींवर आहे. किंगरीचा सूर कसा लावतात, कथा पुढे सरकताना चाल कुठे बदलते, हा प्रश्न मानववंशशास्त्रज्ञाचा नव्हे, तो संगीताच्या माणसाचा. संगीताची माणसे मात्र तिकडे फिरकली नाहीत. भातखंडे देशभर हिंडले, उस्तादांकडून चिजा मिळवून सहा भागांत छापल्या. एवढी चिकाटी असलेला माणूससुद्धा जंगलाकडे वळला नाही, कारण तिकडे संगीत आहे हेच गृहीत नव्हते.

इथे कुमार गंधर्वांचे उदाहरण पुढे केले जाईल, आणि ते करायलाच हवे. देवधरांच्या शाळेत घडलेले कुमारजी, म्हणजे पलुस्करांच्याच वाटेवरचे. आजारपणात देवासला राहिले, माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकली आणि त्या धुनांतून राग उभे केले. शाळेने घडवलेला कान काय करू शकतो याचा यापेक्षा मोठा पुरावा नाही. तरीही त्या उद्योगात लोकधुन ही शेवटी रागाची खाण ठरते. मोल रागाचे होते, गाणारी बाई अनाम राहते. परधानाच्या बाबतीत मला हे पुरेसे वाटत नाही. त्याच्या गाण्यातून एखादा नवा राग निघाला नाही तरी ते ऐकले गेले पाहिजे.

दहावीच्या गुणांत लोककलेचा रकाना वेगळा आहे. शास्त्रीय इकडे, लोककला तिकडे. काही हितचिंतक सुचवतात की मंडळानेच लोकसंगीताची परीक्षा सुरू करावी. माझा त्याला विरोध आहे. किंगरीच्या मध्यमा प्रथमसाठी अमुक कुळाची कथा, वेळ दहा मिनिटे, असा अभ्यासक्रम निघाला तर कथा दहा मिनिटांची होईल, आणि प्रमाणपत्र नसलेला म्हातारा परधान स्वतःच्या पाड्यावर नापास ठरेल.

मला हवे आहे ते याहून लहान आणि कष्टाचे आहे. विशारद झालेल्या माणसाला स्वरलिपी येते, पलुस्करांची आणि भातखंड्यांचीही. अशी माणसे आता तालुक्यांत आहेत आणि ही त्या संस्थेचीच देणगी आहे. त्यांच्यातल्या दोघा-चौघांनी परवानगी घेऊन रात्रभर किंगरी ऐकावी, गाणाऱ्याचे नाव, गाव आणि कूळ यांसकट उतरवून घ्यावे, आणि वही त्याच्या मुलाला वाचून दाखवावी. मात्रांच्या खान्यांत ती कथा बसणार नाही, कारण तिथे तार बोलण्याच्या मागे जाते, तालाच्या नाही. जिथे बसत नाही तिथे खाना रिकामा ठेवून बाजूला तसे लिहावे. त्यातून निघणारे लेख छापायला मंडळाचे ‘संगीत कला विहार’ आहेच. ते १९४७ पासून निघते आहे.