चर्चपासून लांब: ‘मारिया शापदलेन’ पुन्हा वाचताना

आज आपण कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात जाणार आहोत, पेरिबोंका नावाच्या खेड्यात. लुई एमों हा फ्रेंच लेखक 1912 मध्ये तिथं एका शेतावर गडी म्हणून राबला आणि त्यातून ‘मारिया शापदलेन’ ही कादंबरी झाली. 1913 मध्ये रेल्वेखाली सापडून तो गेला. कादंबरी 1914 मध्ये पॅरिसच्या दैनिकात क्रमशः आली. त्यानं ती छापलेली पाहिलीच नाही.

या पुस्तकाची ओळख बहुधा एकाच सुरात करून देतात: फ्रेंच बोलणारे, कॅथलिक, जमिनीला धरून राहिलेले शेतकरी आणि त्यांना बांधून ठेवणारी पॅरिश. आपली वसईची मंडळी जिला धर्मग्राम म्हणतात, तीच. आम्हीही बरीच वर्षं हेच सांगत आलो. आता ते पटत नाही.

सुरुवात चर्चच्या दारात होते, हे खरं. मिस्सा संपते, लोक बाहेर येतात, थट्टा, गप्पा. फार झकास दृश्य आहे. पण मग मारिया आणि तिचे वडील गोठलेली नदी ओलांडून जंगलातल्या घरी जातात, आणि पुढं आपणही बहुतेक तिथंच राहतो. नाताळच्या मिस्सेलाही बर्फामुळे जाता येत नाही. मारिया घरीच हजार वेळा ‘नमो मरिया’ म्हणते, फ्रांस्वासाठी. आणि फ्रांस्वा त्या जंगलात वाट चुकतो. तिकडे ‘वाट चुकला’ एवढंच म्हणतात. पुढचं बोलावं लागत नाही.

मग वडील तिला फादरकडे नेतात. फादर वाईट माणूस नव्हे. पण सांगतो काय, तर साखरपुडा झालेला नव्हता, तेव्हा इतका शोक करणं बरं नाही. बघा, पॅरिश तिच्या दुःखापर्यंत पोचते ती अशी, नात्याचा हिशेब विचारत!

आणि आई? लोरा शापदलेनला आयुष्यभर जुन्या पॅरिशमधलं घर हवं होतं: शेजार, सपाट शेतं, जवळ चर्च. सामुएलला मात्र जमीन साफ झाली, वस्ती वाढू लागली की तिथं राहवत नाही; विकायचं आणि पुढच्या जंगलात जायचं. ती मेल्यावर रात्री तिच्या मृतदेहाशेजारी बसून तो मुलीला हे सगळं कबूल करतो. आमच्या मते पुस्तकातली सर्वात खरी पानं हीच. त्यानंतर मारियाला जे प्रसिद्ध ‘आवाज’ ऐकू येतात, इथंच राहा, काही बदलू नका म्हणणारे, ते क्वेबेकमध्ये पिढ्यान्‌पिढ्या गौरवले गेले. पण बापाच्या कबुलीनंतर लगेच ते वाचून पाहा, कानाला खटकतात. काही बदलू नका म्हणजे कोणी सोसत राहायचं?

अमेरिकेतल्या कारखान्यात काम करणाऱ्या लोरेंझोला ती नकार देते. होकार देते शेजारच्या यूत्रोपला, पुढल्या वर्षीच्या वसंतात लग्न करायचं म्हणून. यूत्रोपची जमीनही जंगलातच आहे, अजून साफ व्हायची.