पेरूतील एक 'पारिया'

परदेशी मनुष्याने आपल्या देशाविषयी लिहिलेले पुस्तक हाती आले म्हणजे आपण ते कसे वाचतो, याचा विचार केल्यास थोडी मौज वाटल्यावाचून राहत नाही. पुस्तकात स्तुती असली तर ती ग्रंथकाराच्या सूक्ष्म दृष्टीची साक्ष ठरते. निंदा असली तर त्याचे अज्ञान, त्याचे पूर्वग्रह आणि त्याचा अंतस्थ हेतू यांचा शोध सुरू होतो. १९२७ साली कॅथरिन मेयो या अमेरिकन बाईंचे 'मदर इंडिया' प्रसिद्ध झाले, तेव्हा आपल्याकडे केवढा क्षोभ उसळला होता, हे आम्ही लहानपणी वडील माणसांच्या तोंडून ऐकले आहे. लाला लजपतरायांनी तर पुढच्याच वर्षी त्या पुस्तकाचे खंडन करणारा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. परक्याने आपले दोष सांगावेत की नाहीत, सांगितल्यास ते आपण कोणत्या कसोटीवर घासून पाहावेत, हा प्रश्न तेव्हापासून आपल्याकडे अनिर्णीतच पडला आहे. आज ज्या ग्रंथाचा परिचय वाचकांस करून द्यावयाचा आहे, तो आपल्या देशाविषयी नाही. आणि म्हणूनच त्याच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार काहीशा शांत चित्ताने करता येईल असे आम्हांस वाटते.

हा ग्रंथ म्हणजे फ्लोरा त्रिस्तान या फ्रेंच बाईंनी लिहिलेले आपल्या पेरूयात्रेचे वर्णन होय. पेरू म्हटले की आपल्याकडे फळाची आठवण आधी होते आणि देशाची मागाहून. तेव्हा तो देश दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे आणि स्पेनच्या सत्तेतून तो १८२४ च्या आयाकुचोच्या लढाईने कायमचा सुटला, एवढे सांगून ठेवणे बरे. फ्लोराबाई तेथे १८३३ च्या सप्टेंबरात पोहोचल्या आणि १८३४ च्या जुलैत परतल्या. त्यांचा दोन भागांचा ग्रंथ पॅरिस येथे १८३८ साली निघाला. आमचा फ्रेंच भाषेशी परिचय बेताचाच असल्याने जीन हॉक्स यांनी १९८६ साली केलेल्या संक्षिप्त इंग्रजी भाषांतरावर आम्ही मुख्यतः विसंबलो आहो, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

ग्रंथाच्या नावातच आपल्या लोकांनी थबकावे असा एक शब्द आहे. बाईंनी ग्रंथाला 'एका पारियाची परिभ्रमणे' असे नाव दिले. हा 'पारिया' शब्द मूळचा आपल्या देशातला. तामिळ देशातील ज्या जातीला 'परैयर' म्हणतात, तिचे नाव पोर्तुगीजांच्या तोंडून युरोपात गेले आणि तेथे 'समाजाने बाहेर टाकलेला मनुष्य' या सामान्य अर्थाने रूढ झाले. फ्रेंच वाङ्मयात तर त्याला विशेष मान मिळाला. बेर्नार्दें द सें-प्येर यांनी १७९१ साली एका भारतीय पारियाची कथा लिहिली आणि कासिमिर दलाव्हीन्य यांचे त्याच नावाचे नाटक १८२१ साली रंगभूमीवर आले. ज्या शब्दाने आपण आपल्याच माणसांना गावाबाहेर ठेवले, तोच शब्द पॅरिसमधील एक दुखावलेली स्त्री स्वतःच्या कपाळी मोठ्या अभिमानाने लावून घेते, हे वाचताना आपल्यापैकी कोणाचीही मान थोडी खाली गेल्यावाचून राहणार नाही.

बाईंना हा शब्द आपलासा का वाटला? त्यांचे वडील डॉन मारियानो त्रिस्तान हे पेरूतील आरेकिपा शहरच्या एका श्रीमंत घराण्यातले. स्पेनमध्ये त्यांचा एका फ्रेंच स्त्रीशी धर्मविधीने विवाह झाला, पण तो कायद्याच्या दृष्टीने पुरा सिद्ध होत नव्हता. १८०७ साली ते वारले आणि मायलेकी निराधार झाल्या. १८२१ मध्ये फ्लोराबाईंचे लग्न आंद्रे शाझाल या खोदकाम करणाऱ्या कारागिराशी झाले. तो त्यांचा मालकही होता. संसार नरकासारखा झाला, बाई घर सोडून निघाल्या. परंतु फ्रान्समध्ये १८१६ पासून घटस्फोटाचा कायदाच रद्द झालेला होता. म्हणजे बापाची मुलगी म्हणून कायदा त्यांना ओळखीत नव्हता, आणि नवऱ्याची बायको म्हणून मात्र सोडीत नव्हता. अशा स्थितीत आपले चुलते डॉन पिओ यांच्याकडे वारसाहक्क मागावा, या आशेने ७ एप्रिल १८३३ रोजी, आपल्या तिसाव्या वाढदिवशी, त्या बोर्दो बंदरातून जहाजावर चढल्या. आपण विवाहित आहो ही गोष्ट त्यांनी सर्वांपासून लपविली. जहाजाचे कप्तान शाब्रिए यांनी त्यांच्याशी लग्न करण्याची इच्छा दर्शविली, तेव्हा या लपवालपवीचा त्यांना फार मनस्ताप झाला. आणि तो त्यांनी ग्रंथात उघडपणे सांगितला आहे.

डॉन पिओ हे या ग्रंथातील सर्वांत रंगतदार पात्र होय. हे गृहस्थ स्पेनच्या राजाचे सेनापती होते. आयाकुचोनंतर काही दिवस नावापुरते व्हाइसरॉयही झाले. आणि पुढे प्रजासत्ताक आले तेव्हा त्यातही मानाचे स्थान पटकावून बसले. वारा वाहील तशी पाठ द्यावी, ही म्हण त्यांच्यासाठीच झाली असावी. पुतणीला त्यांनी प्रेमाने घरात घेतले, तिच्याशी तासन् तास गप्पा मारल्या, आणि हक्काचा प्रश्न निघताच तिच्याच जुन्या पत्रातील कबुलीवर बोट ठेवले. विवाहाचा कायदेशीर पुरावा नाही, असे तिने भाबडेपणाने आधीच लिहून पाठविले होते. अखेर वारसा नाही, फक्त वार्षिक नेमणूक! आपल्याकडील भाऊबंदकीची ज्यांना ओळख आहे त्यांस हा प्रसंग समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

आता रोजच्या जीवनाची चित्रे पाहू. मिस्ती ज्वालामुखीच्या पायथ्याचे आरेकिपा, भूकंपाच्या भयाने रुंद भिंती घालून बांधलेली ठेंगणी घरे, सणांच्या मिरवणुका, दासदासींनी गजबजलेले वाडे, हे सर्व बाईंनी बारकाईने टिपले आहे. मठांचे वर्णन तर अविस्मरणीय आहे. त्यांच्या नात्यातील दोमिंगा ही तरुणी १८३१ साली मठातून पळाली. पळताना तिने आपल्या बिछान्यावर एका स्त्रीचे प्रेत ठेवून त्याला आग लावली, म्हणजे आपण जळून मेलो असे सर्वांस वाटावे. पण मठाबाहेर आल्यावरही समाजाने तिला जवळ केले नाही. भिंती पडल्या तरी कैद संपली नाही. फ्लोराबाई तिला जाऊन भेटल्या, आणि या दोन स्त्रियांच्या भेटीचा प्रसंग लिहिताना त्यांची लेखणी नेहमीचा आवेश सोडून मृदू होते.

लिमा शहरातील स्त्रियांविषयीचे त्यांचे मत मात्र आम्हांस पूर्णपणे पटत नाही. तेथील बायका 'साया' नावाचा घट्ट चुणीदार घागरा आणि 'मान्तो' नावाचे वस्त्र वापरीत. मान्तोने सारे तोंड झाकून फक्त एक डोळा उघडा राही. नवऱ्याच्या शेजारून पत्नी गेली तरी त्यास ओळखू येऊ नये! या वेषात त्या एकट्या हिंडत, हवे त्याच्याशी बोलत, म्हणून लिमाइतके स्त्रीस्वातंत्र्य जगात अन्यत्र नाही, असा निष्कर्ष बाई काढतात. पडदा हा केवळ बंधनाचेच साधन असतो या आपल्या समजुतीला येथे चांगला धक्का बसतो, हे खरे. पण ज्या स्वातंत्र्यासाठी आधी तोंड झाकावे लागते, ते कोणत्या प्रतीचे, हा प्रश्न बाईंनी स्वतःस विचारावयास हवा होता.

राजकारण आणि अर्थकारण यांच्या वर्णनात हा ग्रंथ खरा उंच जातो. १८३४ च्या आरंभी पेरूत यादवी पेटली. एका बाजूस अध्यक्ष ओर्बेगोसो, दुसऱ्या बाजूस बेर्मूदेस आणि त्याच्या पाठीशी माजी अध्यक्ष गमार्रा. आरेकिपाने ओर्बेगोसोचा पक्ष घेतला. मग काय झाले? तत्त्वांची भाषणे झाली, आणि लगेच धनिकांवर सक्तीच्या वर्गणीच्या याद्या निघाल्या. कालपर्यंत देशभक्तीच्या गोष्टी बोलणारे सावकार आज आपली दौलत मठांत लपवू लागले. डॉन पिओ दोन्ही डगरींवर हात ठेवून उद्या कोण जिंकेल याचा अंदाज घेऊ लागले. एप्रिलमध्ये कांगायो येथे लढाई झाली, आणि तिच्या बातम्यांचा असा काही गोंधळ माजला की विजय कोणाचा याचा शहरास पत्ता लागेना. युद्ध हा येथे अधिकाराच्या जागा मिळविण्याचा एक धंदा झाला आहे, हे बाईंनी कोठेही पांडित्य न मिरविता, घरातल्या बैठकीतील संभाषणांतूनच दाखविले आहे. सैन्याबरोबर चालणाऱ्या 'राबोना' नावाच्या इंडियन बायकांचे चित्रही असेच सजीव आहे. शिपायांच्या पुढे जाऊन तळ शोधावा, अन्न मिळवावे, रांधावे, आणि मूल पाठीशी बांधून पुन्हा चालू लागावे, हा त्यांचा क्रम.

जाता जाता कायाओ बंदरातील भेटीचा उल्लेख केला पाहिजे. गमार्रा यांच्या पत्नी फ्रान्सिस्का सुबियागा घोड्यावर बसून सैन्याबरोबर जात आणि नवऱ्यापेक्षाही अधिक राज्य चालवीत, अशी त्यांची ख्याती होती. पराभवानंतर हद्दपार होऊन जाणाऱ्या या बाईंना फ्लोराबाईंनी जहाजावर पाहिले. पुढील वर्षी, १८३५ मध्ये, त्या चिलीतील वाल्पाराइसो येथे वारल्या. आपणही असाच सत्तेचा खेळ खेळावा असा मोह आरेकिपात आपल्याला झाला होता, अशी कबुली ग्रंथकर्त्रीने दिली आहे. दुसऱ्यांची महत्त्वाकांक्षा तोलताना आपली स्वतःची लपवून न ठेवणे, हा गुण प्रवासवर्णनांत विरळाच आढळतो.

आता ज्या प्रसंगामुळे या ग्रंथाविषयीचे आमचे मत बदलले, तो सांगू. लिमाजवळ चोरिय्योस येथे बाई उसाचा एक मळा आणि साखरेचा कारखाना पाहावयास गेल्या. तेथील काम आफ्रिकन गुलामांकडून चाले. गुलामांची संख्या घटत चालली, ही मालकाची तक्रार होती. स्वतंत्र मजुरांचे काम अधिक किफायतीचे ठरेल, हा बाईंचा युक्तिवाद होता. त्यानंतर त्या एका कोठडीपाशी गेल्या. आत दोन गुलाम स्त्रिया होत्या. आपल्या तान्ह्या मुलांना दूध न पाजता मरू दिले, हा त्यांचा अपराध. त्यांतील एकीने बाईंकडे नजर रोखून पाहिले. आणि माझे मूल तुझ्यासारखे स्वतंत्र होणार नव्हते म्हणून मी त्याला मरू दिले, असे ती नजर सांगत होती, असे बाई लिहितात.

काही वर्षांपूर्वी हा भाग आम्ही वर्गात वाचून दाखविला. वाचता वाचता आमचाच कंठ दाटून आला. वर्ग संपताना मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, ती बाई स्वतः काही बोलली का?" आम्ही पुन्हा पान उघडून पाहिले. ती काहीच बोललेली नव्हती. तिच्या डोळ्यांचे भाषण फ्लोराबाईंनी लिहिले होते. त्या मुलीला आम्ही काही तरी उत्तर दिले, पण ते आमचे आम्हांलाच पटले नाही.

त्या प्रश्नाच्या उजेडात ग्रंथ पुन्हा वाचला, तेव्हा त्याचा मोठा दोष दिसू लागला. चुलते बोलतात, कप्तान बोलतात, सेनानी आणि मठवासिनी बोलतात. पण राबोना दुरून दिसतात आणि गुलाम स्त्रीची फक्त नजर दिसते. धनिकांवर बसविलेल्या वर्गणीचे जे विस्तृत वर्णन येते, तितके विस्तृत वर्णन इंडियन शेतकऱ्याच्या डोईपट्टीचे येत नाही. वस्तुतः त्या काळच्या पेरूच्या तिजोरीला जकातीइतकाच या डोईपट्टीचा आधार होता. ज्यांना खरोखर 'पारिया' म्हणावे, त्यांचे नाव बाईंनी घेतले, त्यांचा आवाज मात्र त्यांना ऐकू आला नाही. पण हा दोष त्यांच्या पदरी बांधताना आपण जपूनच बोललेले बरे. आपल्याकडे ज्यांचे नाव युरोपने उचलले त्यांचे म्हणणे त्यांच्याच तोंडून ऐकावयास आपल्या शिष्ट वाङ्मयाला तरी किती काळ लागला?

मेयोबाई आणि फ्लोराबाई यांत भेद कोणता, याचे उत्तरही आम्हांस येथेच सापडते. परक्याची टीका प्रामाणिक आहे की नाही हे ओळखण्याची खूण अशी की, तो दुसऱ्याचा हिशेब मांडताना आपलाही मांडतो काय? फ्लोराबाईंनी आपले खोटे बोलणे, आपला लोभ, आपला मोह, सारे वाचकांपुढे ठेवले. ग्रंथाच्या आरंभी पेरूच्या लोकांना उद्देशून लिहिलेल्या अर्पणपत्रात त्यांनी वरिष्ठ वर्गास भ्रष्ट म्हटले, पण त्याच दमात उपायही सांगितला : सर्वांना लिहावाचावयास शिकवा, वर्तमानपत्र इंडियनाच्या झोपडीपर्यंत जाईल, तेव्हाच सत्ताधाऱ्यांस धाक बसेल. याचे फळ काय मिळाले? आरेकिपात ग्रंथाची जाहीर होळी झाली, चुलत्यांनी नेमणूक बंद केली, आणि त्याच १८३८ साली पॅरिसच्या रस्त्यात नवऱ्याने त्यांच्यावर गोळी झाडली. त्यातून त्या वाचल्या. १८४४ साली, फ्रान्समधील कामगारांची संघटना करण्यासाठी गावोगाव फिरत असता, बोर्दो येथे वारल्या. प्रसिद्ध चित्रकार पॉल गोगँ हा त्यांच्या मुलीचा मुलगा.

पेरूने त्यांचा सल्ला सावकाश ऐकला. गुलामगिरी आणि इंडियनांची डोईपट्टी १८५४ साली रद्द झाली. ग्रंथाचे स्पॅनिश भाषांतर १९४६ मध्ये लिमा येथेच प्रसिद्ध झाले. केचुआ भाषेला १९७५ मध्ये राजभाषेचा दर्जा मिळाला, आणि निरक्षरांना मताचा अधिकार १९७९ च्या घटनेने दिला. म्हणजे बाईंच्या अर्पणपत्राला तोवर जवळजवळ दीडशे वर्षे होऊन गेली होती. वरच्या मंडळींचा खेळ मात्र फारसा बदललेला दिसत नाही. जुलै २०१६ ते डिसेंबर २०२२ एवढ्या अवधीत त्या देशाने सहा अध्यक्ष पाहिले, हे लक्षात घेतले म्हणजे डॉन पिओंच्या बैठकीतील संभाषणे जुनी वाटत नाहीत.

असो. ग्रंथात पाल्हाळ आहे, स्वतःविषयीचा अभिमान जागोजाग डोकावतो, आणि घाईचे निष्कर्षही पुष्कळ आहेत. तथापि इतके सजीव आणि निर्भय प्रवासवर्णन आमच्या वाचनात थोडेच आले आहे. फ्रेंच जाणणाऱ्या एखाद्या तरुण लेखिकेने ते मुळावरून मराठीत आणावे अशी आमची इच्छा आहे. मात्र नावातील 'पारिया' शब्दाचे भाषांतर करू नये. तो आपलाच आहे. तो जसा गेला तसाच परत येऊ द्यावा.