एकपार्श्व-उपेक्षा : बाजू नेमकी कशाची?

मेंदूच्या उजव्या गोलार्धास इजा झाल्यावर काही रुग्णांच्या लेखी डावी बाजू जणू उरतच नाही. ताटातील डावीकडचे अन्न तसेच राहते. घड्याळाचे चित्र काढताना सारे आकडे उजवीकडे दाटतात. दृष्टी शाबूत असतानाही हे घडू शकते. म्हणून या विकारास अंधत्व न म्हणता एकपार्श्व-उपेक्षा म्हणतात. अवधान हा बाह्य अवकाशावर फिरणारा प्रकाशझोत असून तो एका बाजूस वळत नाही, अशी उपपत्ती यावरून सहज सुचते. ती आकर्षक आहे. पुरेशी मात्र नाही.

बिझिआक आणि लुत्सात्ती यांनी १९७८ साली मिलानमधील दोन रुग्णांना तेथील कॅथीड्रलसमोरच्या चौकाचे स्मरणाने वर्णन करावयास सांगितले. कॅथीड्रलकडे तोंड केल्याची कल्पना केली असता डावीकडचा तपशील बहुतांशी गळला. कॅथीड्रलकडे पाठ केल्याची कल्पना करताच तोच तपशील आठवला आणि आधी सांगितलेला निसटला. स्मृती नष्ट झाली नव्हती आणि डोळ्यांपुढे तर चौक नव्हताच. झोत बाह्य अवकाशावरच पडतो, हे गृहीत येथे ढासळते.

कारामाझा व हिलिस यांचे १९९० मधील संशोधन याहून मूलगामी आहे. डाव्या गोलार्धास इजा झालेल्या त्यांच्या रुग्णाच्या चुका शब्दाच्या उत्तरार्धात होत. शब्द उभा लिहिला, आरशातल्यासारखा उलटा दाखविला किंवा त्याची अक्षरे तोंडी सांगावयास लावली, तरी चुकांची जागा तीच. म्हणजे बाजू वाचकाची नव्हे, शब्दाची.

हा निष्कर्ष साधार असला, तरी त्यात एक संदिग्धता उरते. रोमन लिपीत शब्दाचा उजवा भाग आणि शेवटचा भाग एकच असतो. देवनागरीत तसे नेहमीच नसते. ‘आणि’ या शब्दातील पहिली वेलांटी ‘ण’च्या डावीकडे लिहिली जाते, उच्चारात मात्र इकार अखेरीस येतो. अशा अनेक शब्दांत रुग्णाने व्यंजन गाळले, तर उपेक्षा स्थानाची. वेलांटी गाळली, तर क्रमाची. दोन्ही एकत्र गाळली, तर अक्षर हेच अवधानाचे एकक मानावे लागेल.

यास्तव रोमन लिपीवर बेतलेल्या वाचनचाचण्यांचे केवळ भाषांतर करून मराठी रुग्णांचे निदान करणे सदोष ठरेल. शरीर, वस्तू आणि शब्द या प्रत्येक पातळीवर अवधानाची मांडणी वेगळी आहे. तीत लिपीचा वाटा किती, हे देवनागरीच्या वाचकांकडूनच कळू शकेल.