रॉबर्ट मॅकफेरिनचे दहा प्रयोग

मध्यंतरी एका अभ्यास शिबिरात मी रॉबर्ट मॅकफेरिन या अमेरिकेतल्या काळ्या गायकाविषयी बोललो. बोलणे संपल्यावर एक कार्यकर्ता उभा राहिला. म्हणाला, ‘सर, ऑपेरा हे गोऱ्या उमरावांचे गाणे. काळ्याने ते गायले तर त्यात विद्रोह कुठला? ही तर प्रस्थापितांची चाकरीच झाली.’ प्रश्न खोटा नाही. अमेरिकेत शिकून आलेल्या डॉ. म. ना. वानखेडे यांनी निग्रो साहित्याचा विचार आपल्यापुढे मांडला, 1972 साली आपल्या तरुणांनी ‘पँथर’ हे नाव घेतले. त्या परंपरेत सुटाबुटात इटालियन गाणारा हा माणूस परका वाटतो. मला तो परका वाटत नाही.

मॅकफेरिन 1921 साली आर्कान्सा राज्यातल्या मरियाना गावी जन्मला. बाप बॅप्टिस्ट धर्मोपदेशक. घरात देवाच्या गाण्याखेरीज दुसरे गाणे चालत नसे. पोरगा पुढे सेंट लुईसला शिकायला गेला. शिक्षक व्हायचे त्याच्या मनात होते. समनर हायस्कूल ही काळ्यांसाठीची वेगळी शाळा. तिथल्या वर्ट वॉल्टन या गायनशिक्षकाने त्याचा आवाज ओळखला आणि घडवला. आपल्यातल्या शिक्षकांनी हे ध्यानात घ्यावे. ज्यांना गोऱ्यांच्या शाळेत पाऊल ठेवता येत नव्हते, त्यांच्या शाळेत हा गळा तयार झाला. पुढे फिस्क, शिकागो, मध्ये सैन्यातली नोकरी.

त्याचा आवाज बॅरिटोन, म्हणजे पुरुषी आवाजातला मधला, भारदस्त पट्टा. ऑपेरात प्रेमिकाची भूमिका बहुधा उंच आवाजाच्या टेनरला मिळते. बॅरिटोन हा बाप, राजा नाहीतर वैरी. आवाजाची ही वाटणी निसर्गाने केली असे म्हणता येईल. पण त्या वाटणीत वर्ण कसा शिरतो ते पाहण्यासारखे आहे. 1949 साली न्यूयॉर्क सिटी ऑपेराने ‘ट्रबल्ड आयलंड’ सादर केला. विषय हैतीच्या गुलामांचे बंड. संगीतकार विल्यम ग्रँट स्टिल काळा, शब्द लिहिणारा लँग्स्टन ह्यूज काळा. मात्र पहिल्या प्रयोगात बंडाचा नायक देसालीन गायला तो रॉबर्ट वीड हा गोरा गायक, चेहऱ्याला काळा रंग फासून! मॅकफेरिन त्याच नाटकात होता. त्याला वूडू पुजाऱ्याची भूमिका होती.

न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन ऑपेरागृह 1883 साली उघडले. तिथल्या रंगमंचावर एकल भूमिकेत पहिला काळा गायक यायला 7 जानेवारी 1955 उजाडावा लागला. ती मेरियन अँडरसन. तेव्हा ती 57 वर्षांची होती. ऐन बहरातला तो आवाज या संस्थेने बाहेर ठेवला आणि मग दार उघडल्याचे श्रेय घेतले. त्यानंतर वीस दिवसांनी मॅकफेरिन तिथे उभा राहिला, हा मान मिळालेला पहिला काळा पुरुष. संस्थेची गायनस्पर्धा त्याने 1953 सालीच जिंकली होती.

भूमिका कोणती? वेर्दीच्या ‘आयदा’तला आमोनास्रो. हा इथिओपियाचा राजा. इजिप्तचे सैन्य त्याला बंदी करून आणते आणि तो आपले राजेपण लपवून साधा सैनिक म्हणून पुढे येतो. काळ्या माणसाला पहिल्यांदा आत घेतले ते बेड्यांतला आफ्रिकी म्हणून. पुढे 1956 साली ‘रिगोलेत्तो’. तिथे दरबाराने हिणवलेला कुबडा विदूषक. या भूमिका लहान नाहीत. रिगोलेत्तो ही तर बॅरिटोनची कसोटीच. मालकाला हसवणारा, मालकानेच मुलगी नासवलेला बाप गाताना मॅकफेरिनला अभिनय फारसा शोधावा लागला नसेल, असे मला वाटते. पण प्रेम करणारा काळा पुरुष त्या रंगमंचाला सोसत नव्हता, हेही खरे. जॉर्ज शर्ली हा काळा टेनर तिथे प्रमुख भूमिकेत आला तो 1961 साली.

तीन हंगामांत मॅकफेरिनचे प्रयोग झाले दहा. फक्त दहा. 1957 साली तो बाहेर पडला.

दोन वर्षांनी ‘पोर्गी अँड बेस’ चित्रपटात सिडनी पॉइटियर पडद्यावर दिसला आणि गाताना गळा मॅकफेरिनचा होता. पार्श्वगायन आपल्याला नवे नाही, त्यात कमीपणाही नाही. पण मेट्रोपॉलिटनच्या इतिहासात नाव लागलेल्या माणसाचा आवाज देशभर पोहोचला तो चेहऱ्यावाचून, हे मला खुपते.

1957 मध्येच रिव्हरसाइड कंपनीने त्याची एक तबकडी काढली. गुलामांची धर्मगीते, पियानोच्या साथीवर. माझी तक्रार सांगतो. ही गाणी कापसाच्या शेतातली, सामुदायिक. इथे ती इस्त्री केलेल्या कपड्यांत येतात. उसासासुद्धा मोजून घेतलेला. पण खालच्या स्वरांत तो उतरतो तेव्हा मरियानाच्या त्या प्रार्थनाघरातले काहीतरी वर येते, आणि वेर्दीसाठी कमावलेला दमच त्याला पेलतो. वेर्दी आणि वाडवडिलांची गाणी या दोन्हींवर त्याने हक्क सांगितला, त्यासाठी कुणाची परवानगी घेतली नाही. याला मी चाकरी म्हणणार नाही. मंदिराच्या पायरीवर उभा राहिलेला माणूस देवाचा चाकर असतोच असे नाही, हे काळारामाचा सत्याग्रह ठाऊक असलेल्यांना वेगळे सांगायला नको.

पुढे तो शिकवत राहिला. मुलगा बॉबी मॅकफेरिन जगप्रसिद्ध गायक झाला. बाप 2006 साली सेंट लुईसला वारला.

शिबिरातल्या त्या कार्यकर्त्याला माझे म्हणणे अजून पटलेले नाही. ती गाणी मी त्याला ऐकायला दिली आहेत.