कागद हाती धरणारा नायक

आमच्या साहित्याने हत्यारे पुष्कळ पाहिली. तलवार पाहिली, कुऱ्हाड पाहिली, सुरा पाहिला. हलगीलाही आम्ही हत्यार केले. शब्द हेच शस्त्र, हे तर आम्ही इतक्यांदा म्हटले आहे की आता ते म्हणताना जिभेला धार लागत नाही. परंतु शब्द ज्यावर उमटतो, सही ज्यावर होते, अंगठा ज्यावर उठतो, तो कागद आमच्या कथा-कादंबरीत आमच्या माणसाने कधी हाती धरला आहे काय? कागदाच्या बळावर जगणारी पात्रे मराठीत आहेत, पण ती बहुतेक आमच्यासमोर उभी आहेत. आमच्या बाजूने उभा राहून कागद चालविणारा शोधू लागलो की पाने उलटीत बसावे लागते. या उणिवेचा विचार आपल्या समीक्षेने व्हावा तितका केलेला नाही, असे मला वाटते.

सुरुवात जोतीरावांपासूनच करावी लागेल. १८५५ साली त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. त्यातला जोशी कुणब्याच्या गरोदर बायकोला ग्रहपीडेचे भय घालतो आणि घरातले होते नव्हते ते ब्राह्मणभोजनात घालवितो. त्याच्या हाती काठी नाही, तलवार नाही. पंचांग सांगण्याचा अधिकार तेवढा आहे. ग्रह कोणत्या घरात बसले आहेत हे कुणब्याला तपासता येत नाही, आणि जे तपासता येत नाही तेच त्याच्यावर चालते. अक्षराची सत्ता कशी काम करते हे मराठीत इतक्या सोप्या रीतीने त्याआधी कोणी मांडले असेल असे दिसत नाही. शेवटी ते जोडपे रात्रीच्या शाळेत जायचे ठरविते. नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे गेले आणि तिने ते नाकारले. अक्षराच्या मक्तेदारीवरचे नाटक अक्षराच्या मक्तेदारांनीच परत केले, यात नवल ते काय!

मात्र त्याच १८५५ सालची दुसरी एक गोष्ट या नाटकाशेजारी ठेवून पाहावी. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. नाटकातले जोडपे शाळेत जाण्याचा निश्चय करून थांबते. शाळेतली मुलगी कागद हाती घेऊन धर्मालाच जाब विचारते. कल्पित पात्र उंबरठ्यावर आणि जिवंत माणूस त्याच्या पुष्कळ पुढे, हा प्रकार आमच्या वाङ्मयात पहिल्याच वर्षापासून आहे. तो अजून संपलेला नाही.

जोशानंतर कुळकर्णी. सत्यशोधकांनी त्याला 'कलमकसाई' हा शब्द दिला. मुकुंदराव पाटलांनी १९१३ मध्ये 'कुलकर्णी लीलामृत' लिहिले. पोथीचा घाट घेऊन त्यांनी पोथीवाल्यांचीच लीला गायिली. यातला उपहास जबर आहे. दप्तर, उतारा, खत, फेरफार ही सारी आयुधे तिथे ओळीने मांडलेली दिसतात. १९१८ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुलकर्णी वतन मोडून पगारी तलाठी नेमले आणि त्यांत अस्पृश्यांनाही घेतले, तेव्हा त्यांना हेच दप्तर हिसकावून घ्यायचे होते. पण एक गोष्ट खटकते. या वाङ्मयात कुळकर्णी जितका जिवंत आहे तितका अंगठा उठविणारा माणूस जिवंत नाही. अंगठेबहाद्दर सगळे सारखेच. भोळे, भ्यालेले, हात जोडलेले. ज्याच्या हाती कागद त्यालाच चेहरा, हा कागदाचा न्याय कागदाविरुद्ध लिहिणाऱ्यांनीही नकळत पाळला.

आणि महार? त्याचे कागदाशी नाते तर विलक्षणच होते. सरकारी टपाल तालुक्याला पोचविणे हे त्याचे काम. खजिन्याबरोबर चालणे हे त्याचे काम. मयताचा सांगावा तोंडी न्यायचा आणि सरकारचा हुकूम हातांत न्यायचा. ज्या हुकुमात त्याच्याच वस्तीवर काही संकट लिहिलेले असेल तोही त्याने बिनबोभाट पोचवायचा. कागद त्याच्या हाती होता आणि अक्षर दुसऱ्याचे होते. शंकरराव खरात तराळाच्या घरात जन्मले, वकील झाले, पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. 'तराळ-अंतराळ' (१९८१) ही त्यांची आत्मकथा म्हणजे टपाल वाहणाऱ्याच्या मुलाने टपाल उघडून वाचल्याची कथा होय. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) बापाच्या नावाचा रकाना आयुष्यभराची जखम होतो. आमच्या आत्मकथनांत कागद असा ठायी ठायी आहे. कादंबरीत आणि कथेत तो कुठे जातो, हा माझा प्रश्न आहे.

अण्णा भाऊंची 'फकिरा' (१९५९) घेऊ. ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली आहे. दीड दिवस शाळेत गेलेल्या माणसाने लेखणीला केलेले हे अर्पण आहे, म्हणून ते मला नेहमीच कादंबरीचे पहिले वाक्य वाटते. पण पान उलटले की लेखणी मागे राहते आणि तलवार पुढे येते. फकिरा धान्य लुटतो, खजिना लुटतो, गोऱ्या सरकारला हादरवितो. हे सारे उचित आहे. पोट जळत असताना अर्ज कोणी लिहावा? तरी त्याच्या माणसांना जे खरे जखडते ते काय आहे? हजेरी! गुन्हेगार जमातींच्या कायद्याने (१८७१) आलेली ही हजेरी म्हणजे एक वही आहे. तिच्यात नाव आहे, आणि नावाचा माणूस रोज समोर उभा राहिला पाहिजे. माणूस नसला तर गुन्हा, असला तर संशय. बेडीला निदान वजन असते, ती दिसते तरी. वहीतल्या नावाला वजन नाही आणि ते तोडता येत नाही.

इथे विष्णुपंत कुलकर्णी हे पात्र फार महत्त्वाचे ठरते. सत्यशोधकांच्या कलमकसायाहून अगदी निराळा असा हा कुळकर्णी आहे. तो मांगांच्या बाजूने उभा राहतो, त्यांना जगण्याचा सल्ला देतो, सरकारापुढे त्यांच्यासाठी शब्द टाकतो. अण्णा भाऊंच्या मनाचे मोठेपण यातून दिसते, असे आपण म्हणतो आणि ते खरेही आहे. पण त्या मोठेपणात एक अडचण लपलेली आहे. फकिराजवळ तलवार आहे, म्हणून सरकारशी लढता येते. सरकारशी बोलायचे झाले की मध्ये विष्णुपंतच लागतो. तलवार आणि कचेरी यांच्यामध्ये जी जागा आहे ती अखेरपर्यंत कुळकर्ण्याकडेच राहिली. लेखणीला अर्पण केलेल्या कादंबरीत लेखणी धरणारा मांग नाही. हा अण्णा भाऊंचा दोष म्हणून मी सांगत नाही. त्या काळी तो माणूस वाटेगावात कुठून आणावा? प्रश्न त्यांच्यानंतर लिहिणाऱ्या आम्हांला आहे.

बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेतला निवेदक शिकलेला आहे, नोकरीवर आहे. तरी निर्णायक घडीला त्याचे शिक्षण त्याला वाचवीत नाही. वाचवितो तो काशिनाथ सकपाळ, जात न लपविणारा आणि अंगावर येणाऱ्याला अंगावर घेणारा. बागुलांनी इथे सुशिक्षित मनाच्या भ्याडपणावर नेमके बोट ठेवले आहे. मात्र त्यांच्यानंतर आमच्या कथेने काशिनाथच तेवढा उचलला. शिकलेला म्हणजे पळपुटा आणि हात उगारणारा म्हणजे विद्रोही, अशी एक सोपी वाटणी होऊन बसली.

या वाटणीला आमचा इतिहास साक्ष देत नाही. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांत शिरून खते, रोखे, हुकूमनामे बाहेर काढले आणि जाळले. पुष्कळ ठिकाणी सावकाराने कागद स्वाधीन केले की त्याच्या अंगाला हात लावला जात नसे. आपला शत्रू कुठे राहतो हे त्या निरक्षर माणसांना अचूक ठाऊक होते. तो तिजोरीत घडी घालून ठेवलेला होता. पुढे १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला तो या राखेतून.

आणि महाड. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळली गेली ही घटना आमच्या प्रत्येक कवीने गायिली आहे. पण त्याच परिषदेसमोर आणखी एक कागद होता. सनातन्यांनी दिवाणी कोर्टातून चवदार तळ्याविषयी तात्पुरता मनाईहुकूम आणला होता. माणसे सत्याग्रहाला सज्ज होऊन आली होती, तुरुंगात जायला तयार होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरले, सत्याग्रह तहकूब केला, तळ्याभोवती मिरवणूक तेवढी निघाली. एक कागद जाळला आणि दुसरा कागद मानला, तोही एकाच मांडवात! मानला म्हणजे सोडला नाही. तो दावा दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात निकाल आपल्या बाजूने लागला. जाळण्याच्या त्या रात्रीवर आमच्याकडे कविता आहेत. त्या दहा वर्षांवर काय आहे? तारखा, साक्षी, पुरावे, तळे सार्वजनिक की खाजगी याचा खल, आणि कोर्टात तळ्याचे भवितव्य ठरेपर्यंत त्याच तळ्याकडे पाहत जगणारी माणसे. एखाद्या कादंबरीकाराला याहून मोठा ऐवज कोणता हवा? आम्ही आग घेतली आणि दावा सोडून दिला.

असे का व्हावे? एक कारण उघड आहे. कागद चालविणाऱ्या आमच्या माणसाविषयी आमच्याच मनात संशय आहे. दत्ता भगतांच्या 'वाटा-पळवाटा' या नाटकात काका, सतीश आणि अर्जुन या तीन पिढ्या समोरासमोर येतात. त्यांत प्राध्यापक सतीश हा कायद्याच्या आणि संस्थेच्या वाटेने जाऊ पाहणारा. नाटकभर तोच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असल्यासारखा वाटतो. भगतांनी त्याला खलनायक केलेले नाही, ही त्यांची प्रगल्भता. तथापि प्रेक्षागृहात टाळी पडते ती अर्जुनाच्या बाजूने. मी स्वतः सतीशच्याच धंद्यात असल्यामुळे मला हे जरा अधिक बोचत असेल, ते वाचकांनी वजा करून घ्यावे. संशयाला आधार आहेच. टेबलामागे बसलेला आपलाच माणूस आपल्याच माणसाला 'उद्या या' म्हणताना आपण सर्वांनी पाहिला आहे. पण मग त्याचीही कथा लिहावी की! दप्तर हाती आल्यावर कुळकर्णी होण्याचा मोह आमच्या माणसाला कसा होतो, हे लिहायला धैर्य लागते.

वस्तीत मात्र हा माणूस केव्हाच जन्माला आला आहे. आमचे धावडा हे भोकरदन तालुक्यातले, अजिंठ्याच्या डोंगराकडचे गाव. मराठवाड्यात गावोगाव गायरानावर आमच्या माणसांनी नांगर धरला. १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, त्याची हवा इकडेही होती. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. पण आपण तेव्हा तिथे होतो हे दाखवायचे कसे? ज्यांनी अतिक्रमणाच्या दंडाच्या पावत्या जपून ठेवल्या होत्या त्यांचे साधले. गुन्ह्याचा कागद हाच हक्काचा पुरावा झाला. ज्या दिवशी दंड झाला त्या दिवशी रडलेली बाई ती पावती डाळीच्या डब्यात ठेवते, आणि पंधरा वर्षांनी तोच डबा उघडून साहेबासमोर धरते. हे पात्र आहे. हिला काशिनाथचा सुरा लागत नाही.

आमच्या घरीही एक पत्र्याची पेटी आहे. आज्याला अक्षर येत नाही, पण घडीवरून आणि डागावरून तो प्रत्येक कागद ओळखतो. त्यात निजामाच्या काळचा एक उर्दू कागद होता. घरात तो कुणालाच वाचता येत नव्हता, तरी दिवाळीच्या झाडलोटीतही तो टाकला गेला नाही. माझ्या जातपडताळणीच्या वेळी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला गेला, तेव्हा तो कागद उर्दू जाणणाऱ्या एका गृहस्थाकडून वाचवून घेतला. त्यात पणज्याच्या नावापुढे जात लिहिलेली होती, आणि तीही हिणविणाऱ्या शब्दाने. त्या शब्दावर माझे काम झाले. बागुलांच्या निवेदकाने जात चोरली होती. आम्ही ती पेटीतून काढून, झेरॉक्स करून, साक्षांकित करून दिली. हा अनुभव एका माणसाचा नाही. मराठवाड्यातल्या हजारो घरांचा आहे, आणि यावर मी अजून एकही कथा वाचलेली नाही. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ साली आला. त्याचा अर्ज लिहून ग्रामपंचायतीला घाम फोडणारी पोरे गावात आहेत. तीही कथेत नाहीत. त्यांच्या हालचालीत नाट्य नाही, असे लेखक मित्र म्हणतात. तारखेची वाट पाहण्यात नाट्य नसते, हे ज्याने कधी तारखेची वाट पाहिली नाही तोच म्हणू शकतो.

मागल्या उन्हाळ्यात मी आज्याला 'फकिरा' मोठ्याने वाचून दाखविली. चार-पाच संध्याकाळी लागल्या. खजिन्याच्या जागी तो मांडीवर थाप मारून हसला. शेवटच्या दिवशी डोळे पुसले. पुस्तक मिटले तरी तो उठेना. मग म्हणाला, "समदं झालं बाबा. पर ते हजेरीचं बुक व्हतं ना, त्याचं काय केलं मंग त्यांनी?"

मी पुस्तक पुन्हा उघडले आणि पाने चाळीत राहिलो.