समान चिन्ह, भिन्न कथा : कॅनडाच्या राष्ट्रभावनेविषयी एक विचार

राष्ट्रीय प्रतीकांच्या विवेचनात एक गोष्ट बहुधा गृहीत धरली जाते. प्रतीक समान असेल, तर त्याचा अर्थही सर्वांच्या मनात समान असला पाहिजे, ही ती गोष्ट होय. कॅनडाच्या वाङ्मयसमीक्षेवर या गृहीताची छाया दीर्घकाळ पडलेली दिसते. नॉर्थ्रॉप फ्राय यांनी १९६५ साली कॅनडाच्या इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासाला जोडलेल्या उपसंहारात, अफाट निसर्गाने वेढलेल्या एकाकी वसाहतींची तटबंद मनोवृत्ती त्या वाङ्मयाच्या मुळाशी असल्याचे प्रतिपादन केले. मार्गारेट अ‍ॅटवुड यांनी १९७२ मधील ‘सर्व्हायव्हल’ या ग्रंथात प्रत्येक देशाला एक मध्यवर्ती प्रतीक असते असे मानून ‘तगून राहणे’ हे कॅनडाचे प्रतीक ठरविले. ही दोन्ही विवेचने मार्मिक आहेत. तथापि, अनेक भाषांच्या देशात एकाच मध्यवर्ती अर्थाचा शोध घेणे कितपत युक्त आहे, हा प्रश्न त्यांनी सुटत नाही. रॉक कारिए यांची १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेली एक लहानशी फ्रेंच कथा या प्रश्नावर पुष्कळ प्रकाश टाकते.

कथा क्वेबेक प्रांतातील सँत-जुस्तीन या खेड्यात, विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात घडते. बर्फावर हॉकी खेळणारी गावातील सारी मुले माँट्रियल संघाच्या मॉरिस रिशार या खेळाडूसारखे स्वेटर घालतात. निवेदक मुलाचे स्वेटर आखूड होते, तेव्हा त्याची आई ईटन या व्यापारी पेढीच्या सूचिपत्रातून नवे मागविते. छापील मागणीपत्रक इंग्रजीत असल्यामुळे ती ते भरीत नाही, तर ईटनसाहेबांना फ्रेंचमध्ये चिठ्ठी लिहिते. टपालाने येते ते प्रतिस्पर्धी टोराँटो संघाचे निळे स्वेटर. त्याच्या छातीवर मेपलचे पान असते. ते परत पाठविल्यास इंग्रज ईटनसाहेबांना वाईट वाटेल, म्हणून मुलाला तेच घालावे लागते. खेळात त्याला जागा मिळत नाही. संतापून तो काठी मोडतो, आणि क्षमा मागण्यासाठी चर्चमध्ये धाडला गेल्यावर हे स्वेटर खाऊन टाकणारी कसर पाठव, अशी देवाची प्रार्थना करतो.

कथेचा विनोद निर्मळ आहे. पण त्याचे मूळ भाषिक आहे. एका भाषेतील पत्रक दुसऱ्या भाषेच्या घरात येते आणि त्यातूनच चुकीचे चिन्ह मुलाच्या अंगावर येऊन बसते. कथाकाळी ते पान देशाच्या ध्वजावर नव्हते. कॅनडाचा सध्याचा ध्वज प्रथम फडकला तो १५ फेब्रुवारी १९६५ रोजी. १९७९ च्या वाचकाला मात्र त्या पानात ध्वज दिसणे अपरिहार्य होते. पुढच्याच वर्षी, मे १९८० मध्ये, क्वेबेकच्या सार्वभौमत्वाच्या प्रश्नावर तेथे सार्वमत घेण्यात आले. फ्रेंच कथेच्या शीर्षकात बर्फावरील या पानाला उघडपणे ‘घृणास्पद’ असे विशेषण आहे. शीला फिशमन यांच्या इंग्रजी अनुवादाचे शीर्षक केवळ ‘हॉकीचे स्वेटर’ अशा अर्थाचे आहे. अनुवादाच्या उंबरठ्यावरच पान आणि त्याविषयीची चीड ही दोन्ही गळून पडली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

हीच प्रक्रिया पुढे शासनाने केली. २००२ मध्ये निघालेल्या पाच डॉलरच्या नोटेवर या कथेचा उतारा दोन्ही भाषांत छापण्यात आला. तो कथारंभीचा, हिवाळ्याचा आणि मुलांच्या खेळाचा आहे. इंग्रजी पत्रक, चिठ्ठी आणि पान यांना नोटेवर स्थान मिळाले नाही. सर्वांना मान्य होणारा तेवढा भाग उचलावा आणि वाद मागे ठेवावा, ही राष्ट्रीय प्रतीकांची नेहमीची रीत या निवडीत स्पष्ट दिसते.

पानाचा इतिहास मात्र वादाचाच आहे. १८३४ मध्ये ते फ्रेंच कॅनेडियनांच्या सँ-झाँ-बातीस्त संस्थेचे चिन्ह झाले. १८६७ मध्ये अलेक्झांडर म्यूर यांनी तेच पान ब्रिटिश विजयाच्या गौरवगीतात गुंफले. राष्ट्रगीताचीही स्थिती निराळी नाही. १८८० चे रूतिए यांचे फ्रेंच शब्द आणि १९०८ चे वीअर यांचे इंग्रजी शब्द एकाच चालीवर गायले जातात. पण दुसरे पहिल्याचे भाषांतर नव्हे. पहिल्यात खड्ग व क्रूस आहेत, तर दुसऱ्यात उत्तरेकडील भूमी व तिचा पहारा. वाचक एक, वाच्य दोन, अशी ही अवस्था होय.

येथे असा आक्षेप निघेल की, अशा पोकळ समानतेने राष्ट्र कसे टिकावे? आक्षेप दुर्लक्षणीय नाही. देशाचे नावच ‘गाव’ या अर्थाच्या एका इरोक्वियन शब्दावरून आले. पण मूलनिवासी समाजांच्या कथांना या चिन्हव्यवस्थेत फारसे स्थान नव्हते. निवासी शाळांत सुमारे दीड लाख मुलांना घालण्यात आले, आणि तेथे त्यांच्या भाषा दडपल्या गेल्या. सत्य व समेट आयोगाचा अंतिम अहवाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. २०२१ मध्ये या शाळांत दगावलेल्या मुलांच्या स्मरणार्थ संघराज्याच्या इमारतींवरील ध्वज पाच महिन्यांहून अधिक काळ अर्ध्यावर होता. त्या काळात मेपलच्या पानाने अभिमानाबरोबर अपराधाचीही कबुली वाहिली. त्यावरून चिन्ह पोकळ असते असे म्हणता येत नाही. त्यात कोणाची कथा मावते हे मात्र प्रत्येक पिढीला झगडून ठरवावे लागते.

म्हणून कॅनडाच्या राष्ट्रभावनेचा अभ्यास एका मध्यवर्ती अर्थाच्या शोधावर थांबविणे योग्य होणार नाही. चिन्ह स्वीकारणाऱ्या वाङ्मयाइतकेच ते नाकारणारे वाङ्मयही त्या भावनेचे साधन आहे. कारिए यांच्या कथेतील मुलगा पानाचा तिरस्कार करतो, आणि तरीही ती कथा दोन्ही भाषांतील वाचकांनी आपली मानली. नोटेवरील उतारा जेथे थांबतो, तेथून पुढे ती वाचणे हे अभ्यासकाचे काम आहे.