कार्बन नॅनोनलिका : संशोधन आणि उपयोजन

कार्बन नॅनोनलिकांविषयीचे असंख्य शोधनिबंध सुमिओ इजिमा यांच्या १९९१ मधील लेखाच्या उल्लेखाने सुरू होतात आणि उपयोजनाच्या अमर्याद शक्यतांनी संपतात. (रादुश्केविच व लुक्यानोविच यांनी अशा नलिकांची छायाचित्रे १९५२ मध्येच रशियन भाषेत प्रसिद्ध केली होती, हे सहसा विसरले जाते.) या मांडणीतून निसटते ते नमुन्याचे स्वरूप. मापन एका नलिकेचे असते, आश्वासन मात्र समूहाच्या नावे दिले जाते. एकभित्ती नलिका तयार होताना साधारणतः एक-तृतीयांश धातूंप्रमाणे वीज वाहून नेणाऱ्या, तर उर्वरित अर्धवाहक निपजतात. संगणकासाठी हे मिश्रण घातक ठरते. स्टॅनफर्ड विद्यापीठाचा २०१३ मधील १७८ ट्रान्झिस्टरांचा संगणक आणि एमआयटीचा २०१९ मधील १४,००० हून अधिक ट्रान्झिस्टरांचा प्रक्रियक म्हणूनच महत्त्वाचे वाटतात. सिलिकॉनच्या तुलनेत हे आकडे नगण्य आहेत. परंतु तेथे नलिकांतील दोष मान्य करूनच मंडलाची रचना केली गेली. याउलट, लिथियम-आयन बॅटरीच्या इलेक्ट्रोडमध्ये वाहकता वाढविण्यासाठी बहुभित्ती नलिका मिसळल्या जातात, तेव्हा अशी निवड करावीच लागत नाही. प्रत्यक्षात रुजलेला हा उपयोग इतका साधा आहे की, माझ्या वाचनातील प्रबंधांच्या भविष्यकथनात त्याला क्वचितच स्थान मिळते.